चाकाच्या ओळीत

लवूच्या तेराव्याला आलेली माणसं जेवून आपापल्या वाडीला गेली आणि घरात चार माणसं उरली. म्हातारी जनी, तिचा थोरला मुलगा केरू, केरूची बायको मैना आणि लवूची बायको गोदा. मैना मागल्या अंगणात राखेनं भांडी घाशीत होती. गोदा दाराशी बसली होती. कुणी 'पाणी आण' म्हटलं की ती उठून पाणी आणायची, 'जेव' म्हटलं की जेवायची. कुणी काही म्हटलं नाही तर नुसती बसून राहायची. तेरा दिवस बायका तिच्या गळ्यात पडून रडून गेल्या, पण तिला रडू आलं नव्हतं. 'धक्का बसलाय, रडंल कवातरी,' असं शेजारणी म्हणाल्या. सून रडत नाही, हे जनीनं मात्र मनात धरून ठेवलं होतं.

लवू लाकडाच्या गिरणीत मेला.

सावर्ड्याच्या बाजाराच्या टोकाला, सडकेला लागून आत्मारामशेटची वखार होती. तिथं त्यानं तेलावर चालणारं इंजिन आणून बसवलं होतं. ते मुंबईहून बोटीनं दाभोळला उतरलं, खाडीनं गोवळकोटला आलं आणि तिथून बैलगाडीनं सावर्ड्याला. त्या इंजिनाच्या पट्ट्यावर एक गोल करवत फिरायची. लोखंडी मेजाच्या मधोमध परातीएवढं दातेरी चाक, अर्धं मेजाच्या वर, अर्धं खाली. समोरच्या माणसानं लाकूड पुढं रेटायचं, चाकानं ते उभं चिरत न्यायचं आणि मागच्या माणसानं पलीकडून घ्यायचं. फळ्या, वासे, कौलांखालच्या रिपा, सगळं त्यावर निघायचं. लोक त्याला गिरण म्हणायचे.

लवू समोर असायचा. त्या दिवशी मागच्या गड्याला शेटनं गाडी भरायला पिटाळलं होतं. फणसाची फळी अर्धीअधिक चिरून झाली आणि चिरलेली फट पलीकडून मिटत आली. मिटत्या लाकडानं फिरतं चाक दोन्ही अंगांनी आवळलं, आणि चाकानं ती अख्खी फळी उचलून उलटी फेकली. ती लवूच्या पोटात बसली. रक्त असं आलंच नाही. बरगडीखाली एक तांबडा वळ उठला, एवढंच. गाडीत घालून घरी आणेस्तोवर तो बोलत होता, गाडीवानाला वाट सांगत होता. दिवस मावळताना त्याचं पोट दगडासारखं झालं आणि तो गेला.

गिरण यायच्या आधी केरू आणि लवू ही गावची करवतीची जोडी होती. ओंडका उंच लाकडी घोड्यावर चढवायचा, काळ्या सुतानं त्यावर रेघ मारायची, केरूनं वर उभं राहायचं आणि लवूनं खाली. वरच्यानं करवत ओढायची, मग खालच्यानं. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडायचा. लवू लहानपणापासून खाली उभा राहिला होता, त्याच्या पापण्या नेहमी सुजलेल्या असत. गिरण आली तशी माणसं लाकूड तिकडं नेऊ लागली, आणि मग लवूही तिकडं गेला.

दोघांची करवत एकट्याला ओढता येत नाही. केरूनं मैनेला खाली उभी करून थोड्या फळ्या पाडून बघितल्या. बाजारची माणसं बघायला थांबू लागली, हसू लागली. एक दिवस मैनेनं करवतीची मूठ सोडली आणि ती घरी निघून गेली. केरूनं करवत आढ्याला टांगली आणि लोकांचे बांध घालायला, चिरे फोडायला जाऊ लागला. लवूला तो वाईट काही बोलला नाही. त्यानं बोलणंच टाकलं. एका पडवीत दोघं भाऊ जेवायला बसायचे आणि मीठ लागलं तर आईकडं मागायचे.

असं असताना लवू गेला.

तेराव्यानंतर केरू वखारीत गेला. चैत्र उतरत आला होता. पावसाच्या आधी छपरं शाकारायची, नवी कौलं चढवायची, म्हणून रिपांना मागणी होती. गुहागरला एक धर्मशाळा उठत होती, तिचं सगळं छप्पर शेटनं अंगावर घेतलं होतं, आणि चाकासमोर उभं राहायला माणूस नव्हता.

"तुझ्या भावाचं वाईट झालं," शेट म्हणाला. "मला काय बरं वाटलं का?"

"नाय जी."

"समोर उभा राहशील?"

"रवतो."

शेटनं त्याला हात पुढं करायला लावले. बैलाचे दात बघावेत तसे उलटेपालटे करून बघितले.

"मागं मात्र तुझं तू माणूस आण. इथला एक गडी तिथं उभा राहत नाही. म्हणतात, लवू अजून तिथंच आहे."

केरू आपल्या हातांकडं बघत राहिला. "आनतो," म्हणाला.

घरी येऊन तो पडवीत बसला आणि आईला म्हणाला, "मागं मानूस पायजे."

मैना पोटुशी होती, वाकताना तिला कंबरेवर हात ठेवावा लागत होता. जनीनं तिच्याकडं बघितलंही नाही. "गोदा जाईल," ती म्हणाली. "हितं बसून तरी काय करते? भावाकडं धाडली तर तो दारात उबी करनार नाय."

लग्न होऊन गोदा घरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण थोरल्या दिरासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तो आत आला की ती पदर ओढून भिंतीकडं सरायची. त्यानंही तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. काही सांगायचं झालं तर तो आईकडं नाहीतर भिंतीकडं बघून 'सांग तिला' म्हणायचा.

"सांग तिला," आताही तो म्हणाला. "लवकर निगाया लागंल."

"जाईन," गोदा आतून जनीला म्हणाली.

तिला भीती वाटायला हवी होती. ज्या चाकानं नवरा नेला त्याच्या पलीकडं जाऊन उभं राहायचं होतं. तिनं मनात भीती शोधून बघितली. सापडली नाही. तांदूळ निवडताना हाताला खडा लागू नये तसं झालं, आणि ती सूप खाली ठेवून उठली.

गिरणीत इंजिन सांभाळायला भागोजी होता. दाभोळचा माणूस. आधी बोटीच्या इंजिनाला तेल घालायचा, मग मुंबईला गोदीतल्या लाकडाच्या कारखान्यात राहिला, तिथं एका कानानं बहिरा होऊन परत आला. त्याच्या बोलण्याला दोन गावांची चव होती आणि आवाज कायम मोठा.

इंजिन चालू करायच्या आधी त्यानं दोघांना मेजाजवळ बोलावलं. गोदाच्या हातात खैराची एक बारीक पाचर दिली.

"वैनी, फळी ओढायचा काम मागनं. पयला काम हा. चाकाच्या पलीकडं फट दिसली का तिच्यात पाचर घालायची. हलकीच, ठोकायची नाय. फट मिटता कामा नये, येवडाच बगायचा. हात चाकावरनं पलीकडं न्यायचा नाय. भुसा साचला तरी हातानं झाडायचा नाय."

गोदानं मान हलवली.

"दादा, तू," भागोजी केरूकडं वळला. "फळीच्या मागं सरळ उबा रवू नको. बाजूला रव. चाकाची ओळ मोकळी सोड. शेवटचा वीतभर उरला का हात काढायचा नि ह्या खाचेच्या दांडक्यानं रेटायचा. आनि अडकली फळी, तर मागं खेचायची नाय. हाय तशी दाबून धरायची नि मना हात दाखवायचा. मी पट्टा बाजूच्या मोकळ्या चाकावर टाकतो, मंग करवत फिरत नाय. चाक थांबलं का मग काय ती फळी काढायची."

"व्हय," केरू म्हणाला.

"लवूला बी हाच सांगितला होता," भागोजी म्हणाला, आणि इंजिनाकडं गेला.

इंजिन सुरू झालं तसं बोलणं संपलं. पट्टा फटफटू लागला, चाकाचे दात दिसेनासे झाले, नुसती एक पांढरी कड हवेत उभी राहिली. केरूनं पहिली फळी रेटली. चाकानं लाकडाला तोंड लावलं आणि जो आवाज निघाला तो गोदाला दातांच्या मुळांत कळला. फळीचं तोंड तिच्याकडं आलं, मधोमध चिरलेलं. तिनं फटीत पाचर घातली. फळी पुढं आली, तिनं दोन्ही तुकडे धरले, घेतले, बाजूला रचले. दुसरी आली. तिसरी.

तसे दिवस जाऊ लागले. सकाळी कातळाचा सडा उतरून दोघं यायचे, केरू पुढं, गोदा हाकेच्या अंतरावर मागं. दिवसभर ती तोंडाला पदर बांधून उभी राहायची. ऐनाच्या लाकडाचा भुसा घामावर बसला की अंगाची आग व्हायची, मानेवर पुरळ उठायचं. लोखंडी मेजाची थरथर तळपायांतून वर चढायची आणि घरी गेल्यावरही पाय थरथरतच राहायचे. तिला त्याचं बरं वाईट काही वाटत नव्हतं. फट, पाचर, फळी. तेवढ्या वेळात दुसरं काही डोक्यात येत नसे, आणि तेच तिला पुरत होतं.

एक गोष्ट मात्र तिला दिसत होती. सकाळी केरू भागोजीनं सांगितलं तसा बाजूला उभा राहायचा. ऊन चढेल तसा तो सरकत सरकत पुन्हा मध्यावर यायचा. मोठ्या करवतीला माणूस फटीच्या अगदी समोर उभा राहतो, नाक सुताच्या रेघेवर. जन्मभर तसं उभं राहून त्याच्या अंगाला तेच वळण पडलं होतं. पलीकडून गोदाला चाक, फळी आणि केरूचं पोट एका ओळीत दिसायचं.

ती थोडा वेळ बघायची आणि पाचर घालायची.

एके दिवशी घरी तिनं मैनेला सांगितलं, "भावजींना सांगा, फळीसमोर नका रवू. बाजूला रवायला सांगा."

मैनेनं जेवताना सांगितलं. केरूचा हात ताटात थांबला. मग त्यानं घास घेतला, चावला, गिळला.

"आये," तो जनीला म्हणाला, "आता बायका शिकवनार करवतीचा काम."

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासूनच सरळ समोर उभा राहिला. भागोजीनं इंजिनाकडून दोनदा ओरडून सांगितलं. केरूला ऐकू गेलं की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. गोदा पुन्हा काही बोलली नाही.

वैशाखाच्या ऐन उन्हात गुहागरच्या गाड्या आल्या. बैल सोडून गाडीवान आंब्याखाली बसले आणि माल तयार नाही म्हणून शेटला टोचू लागले. त्या दिवशी चाकावर ऐनाचं एक लाकूड होतं, डोंगराच्या उतारावरून आणलेलं. उतारावरचं झाड वर यायला वाकतं आणि ती ओढ लाकडात राहते. केरूनं त्यावरून हात फिरवला तेव्हाच ते त्याच्या ध्यानात आलं.

"शेट," तो म्हणाला, "हा लाकूड वाकडा वाडलेला हाय. सावकाश काडाया पायजे."

"सावकाश काढायला ह्या गाड्या इथं मुक्कामाला आल्यात का?" शेट म्हणाला. तो उन्हात छत्री धरून उभा होता. त्यानं गोदाकडं बघितलं आणि पुन्हा केरूकडं. "तिला सांग, त्या रिपांचे भारे गाडीत टाकायला. तू काप. पडतील तशा पडू देत मागं."

इंजिन चालू होतं, पण शेट जवळ उभा होता, त्यामुळं ते तिघांनाही नीट ऐकू आलं. केरूच्या हाताखाली फळी होती. तो काही तरी बोलेल म्हणून गोदा थांबली. त्यानं वर बघितलं नाही.

"जा म्हनावं," तो मेजाकडं बघत म्हणाला.

गोदानं पाचर मेजाच्या कडेवर ठेवली आणि गेली.

तिनं एक भारा नेला, दुसरा नेला. गाडीवान बसल्या जागेवरून बघत होते. तिसरा भारा डोक्यावर घेऊन ती मेजाच्या अंगावरून चालली होती. मागं कुणी नसलं की कापलेल्या फळीची टोकं कशी खाली झुकतात ते बघायला म्हणून तिनं मान वळवली. टोकं झुकली नव्हती. ती एकमेकांकडं आली होती. चाकाच्या पलीकडं फट सुताएवढी राहिली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तीही मिटली. चाकाचा आवाज बदलला. जळक्या लाकडाचा वास आला. केरू फळीच्या बरोबर समोर उभा होता, आणि आपलं सगळं अंग टाकून ती पुढं रेटत होता.

"केरू!" गोदा ओरडली. "हट! केरू, हट!"

गुराला म्हणतात तसं ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा असेल हे तिलाही ठाऊक नव्हतं.

केरूनं फळी सोडली आणि दचकून आवाजाच्या उलट बाजूला अंग टाकलं. फळी मेजावरून उठली. ती जाताना कुणाला दिसलीच नाही. केरूची बंडी कमरेपासून टरकन फाटली आणि फळी मागच्या भिंतीवर जाऊन आपटली. भिंतीतल्या एका चिऱ्याचा कोपरा उडून खाली पडला. भागोजीनं पट्टा मोकळ्या चाकावर टाकला. चाक फिरत फिरत हळू होत गेलं, दात दिसू लागले आणि मग ते थांबलं.

केरू भुशात बसला होता. कमरेशी खरचटून रक्त आलं होतं. तो त्या जागेवर हात ठेवून भिंतीकडं बघत होता.

आंब्याखालून एक गाडीवान म्हणाला, "थोरल्या दिराचा नाव घेतलान की रे! हट म्हनाली बैलावानी!" दुसरे हसले.

शेट जवळ आला. "फार लागलं नाही ना? मग उठ. घाल रे भागोजी पट्टा."

भागोजी पट्ट्याजवळ उभा राहिला, पण त्यानं हात लावला नाही.

गोदाच्या डोक्यावर भारा तसाच होता. तिनं तो तिथंच खाली टाकला. दोरी सुटून रिपा पसरल्या. ती मेजाच्या मागं गेली, कडेवरची पाचर उचलली आणि आपल्या जागी उभी राहिली.

"आणि भारे?" शेटनं विचारलं.

तिनं पाचरीवरचा भुसा पुसला.

केरू उठला. त्यानं फाटलेल्या बंडीचं टोक कमरेला खोचलं. "शेट," तो म्हणाला, "ती हितंच रवंल. भारे गाडीवानांना भरू दे."

"आता तू मला सांगणार?"

"नाय जी. पन ती नाय तर मी बी घरी जातो."

शेटनं त्याच्याकडं बघितलं, मग थांबलेल्या चाकाकडं, मग गाड्यांकडं. चाकासमोर उभा राहणारा दुसरा माणूस सगळ्या सावर्ड्यात नव्हता. गाडीवानांचं हसणं थांबलं होतं. शेट छत्री मिटून वखारीत गेला, आणि थोड्या वेळानं गाडीवान कुरकुरत उठले आणि पसरलेल्या रिपा गोळा करू लागले.

संध्याकाळी दोघं सडा चढत होते. केरू पुढं, गोदा मागं. तापलेल्या कातळाची धग अजून पायांना लागत होती. पऱ्यापाशी केरू थांबला. पऱ्या आटला होता, एका खळग्यात थोडं पाणी होतं. त्या पाण्यानं त्यानं कंबर धुतली. गोदा मागं थांबली, तो पुढं निघायची वाट बघत.

तो निघाला नाही. पाण्याकडं बघत म्हणाला, "लवू कसा उबा रवायचा?"

गोदानं इकडं तिकडं बघितलं. तिथं आई नव्हती, मैना नव्हती, भिंतही नव्हती. सगळा सडा मोकळा पडला होता. तो तिलाच विचारत होता.

"समोर," ती म्हणाली. "मी भाकर घेऊन जायची तवा बगायची. फळीसमोर."

"भागोजी सांगत नव्हता?"

"भागोजी सांगायचा."

"मंग?"

गोदानं पदर सारखा केला. "ते म्हनायचे, दादानं आसाच शिकवलान. डोळा सुतावर, छाती फटीसमोर. बाजूला रवून लाकूड दिसत नाय म्हनायचे."

केरू वाकलेला होता तसाच राहिला. त्याच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं. मग त्यानं हात धोतराला पुसले आणि तो चालू लागला. घर येईपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. जनी उंबऱ्यात उभी होती.

"थोरल्या दिराचा नाव घेतलंस?" तिनं गोदाला विचारलं. "चार मानसांत? हट म्हनालीस? नवरा गेला तरी डोळ्यांतनं टिपूस काडला नाय, नि आता तोंड सुटलंय होय? धर. पाय धर त्याचे."

गोदा वाकली. तिला लाज वाटली नाही, रागही आला नाही. पाय धरायला सांगितले म्हणून ती वाकली. केरूनं पाय मागं घेतले.

"आये, पुरे."

"पुरे काय? लोक थुकतील तोंडावर..."

"नाव घेतलान म्हनून मी हितं उबा हाय." त्यानं बंडी वर करून कंबर दाखवली. "नायतर मना बी गाडीत घालून आनला असता. लवूवानी."

घरात लवूचं नाव तेराव्यानंतर कुणी घेतलं नव्हतं. जनी त्या खरचटलेल्या कमरेकडं बघत राहिली. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. मैना तिच्या पाठीवर हात ठेवून रडू लागली. गोदा थोडा वेळ दोघींकडं बघत उभी राहिली. चुलीवरचं पाणी उकळून भांड्याबाहेर येत होतं. ती आत गेली आणि तिनं लाकडं मागं ओढली.

त्या रात्री केरू जेवला की नाही हे तिनं बघितलं नाही. सकाळी ती नेहमीसारखी उठली, दोघांच्या भाकऱ्या दोन फडक्यांत बांधल्या आणि मागच्या दाराशी बसून राहिली. आता आपल्याला नेतील की नाही, हे तिला माहीत नव्हतं. जनी अंथरुणातून उठली नव्हती. केरूनं तोंड धुतलं, बंडी घातली, मैनेनं रातोरात ती शिवून दिली होती. तो अंगणात गेला. त्याची पावलं दगडी गडग्यापर्यंत गेलेली तिला ऐकू आली. मग ती थांबली.

"गोदा!"

आत मैनेच्या हातातला तांब्या खाली आपटला. शेजारच्या अंगणात झाडणारी म्हातारी झाडू धरून उभी राहिली.

"गोदा, येतंस ना? ऊन चडतंय."

"आले," गोदा म्हणाली, आणि दोन्ही फडकी घेऊन बाहेर पडली.

वखारीत गेल्यावर केरूनं लगेच कामाला हात घातला नाही. खिशातून आपलं जुनं सूत काढलं. ते काजळीत बुडवलं, एक टोक चाकापाशी गोदाच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मागं भिंतीपर्यंत गेला. दोघांनी ते ताणून धरलं. केरूनं मध्यावर उचलून सोडलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर चाकापासून भिंतीपर्यंत काळी रेघ उमटली. त्या रेघेच्या डाव्या अंगाला तो उभा राहिला, दोन्ही पाय तिच्यापासून हातभर लांब.

"घाल पट्टा," तो भागोजीला म्हणाला.

उतारावरच्या ऐनाचं उरलेलं लाकूड तसंच पडलं होतं. तेच त्यांनी आधी घेतलं. सावकाश. फट दिसली की गोदा पाचर घालायची आणि हनुवटी वर करायची, तेव्हा केरू रेटायचा. लाकूड मध्येच ओढ खाऊ लागलं. आवाज बदलायच्या आधीच गोदानं हाक मारली, "केरू, थांब!" आणि तो थांबला, फळी दाबून धरून उभा राहिला. भागोजीनं पट्टा सोडला. फट पुन्हा उघडेल अशी त्यांनी दुसरी पाचर बसवली आणि पुन्हा सुरू केलं. भारे भरायला शेटनं कुठून तरी एक म्हातारा गडी आणला होता. तिची हाक ऐकून तो पहिल्यांदा चमकला. दुसऱ्यांदा त्यानं वर बघितलं नाही. दोनदा केरूचा पाय रेघेवर आला. दोन्ही वेळा त्यानं खाली बघितलं आणि तो मागं घेतला.

दुपारी इंजिन थांबलं. कानांत उरलेला आवाज जायला वेळ लागला. गोदा आंब्याखाली बसली आणि तिनं फडकं सोडलं. नाचणीची भाकर होती, वर सुकटीची चटणी. तिनं एक भाकर खाल्ली आणि हात फडक्यात गेला, दुसरी नव्हती. स्वतःला रोज एकच बांधायची सवय झाली होती.

केरू थोडा लांब, पाठ करून बसला होता. त्यानं आपल्या फडक्यातली उरलेली अर्धी भाकर मागं हात करून तिच्याकडं सरकवली.

"घे."

गोदानं ती घेतली. भाकरीवर भुसा उडाला होता, दाताखाली कचकचत होता. ती तशीच खात राहिली. तिला फार भूक लागली होती.